हप्ता, भरपाई आणि प्रायश्चित्त

व्यवसायासाठी चालणाऱ्या वाहनाच्या विम्यात दोन स्वतंत्र करार एकत्र बांधलेले असतात. एक गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा. ट्रक घाटात उलटला, टेम्पो जळाला किंवा चोरीला गेला, तर मालकाला ठरलेली किंमत मिळते. दुसरा त्रयस्थाचा, ज्याला वाहतूक धंद्यात सगळेच ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. गाडीच्या धडकेने रस्त्यावरचा माणूस मेला किंवा जायबंदी झाला, तर त्याला किंवा त्याच्या घरच्यांना द्यायची भरपाई मालकाच्या वतीने विमा कंपनी देते. पहिला करार ऐच्छिक आहे. दुसरा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे सक्तीचा आहे आणि त्याचा मूळ हप्ता सरकार ठरवते. जून २०२२ पासून जे दर लागू झाले त्यांत साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला वर्षाला १६,०४९ रुपये आणि चाळीस टनांवरच्या गाडीला ४४,२४२ रुपये असा हा हप्ता होता.

एकाच पॉलिसीत छापलेले असले, तरी नीतीच्या दृष्टीने हे करार दोन टोकांचे आहेत. गाडीच्या नुकसानीचा विमा मालक स्वतःसाठी उतरवतो. तो शहाणपणाचा भाग झाला. थर्ड पार्टीचा विमा ज्याच्यासाठी उतरवला जातो तो माणूस मालकाला ठाऊक नसतो. त्याचे नाव, गाव, जात, वय काहीच माहीत नसते आणि बहुतेक वेळा तो कधी समोर येतही नाही. अनोळखी माणसाला आपल्या हातून इजा होऊ शकते, हे आधीच मान्य करून त्याच्यासाठी पैसे बाजूला ठेवायचे, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यातून एक जुना प्रश्न नव्या रूपात पुढे येतो. आपल्या गाडीने, आपल्या धंद्यासाठी, आपण नेमलेल्या माणसाच्या हातून एक जीव गेला, तर त्याचे उत्तरदायित्व वर्षाच्या हप्त्यावर दुसऱ्याकडे सोपवता येते का? आणि येत असेल, तर कितपत?

खासगी मोटारीच्या बाबतीत हा प्रश्न त्या मानाने सोपा असतो, कारण चालवणारा आणि मालक बहुधा एकच असतो. धंद्याच्या गाडीत मात्र कर्ता शोधावा लागतो. कळंबोलीहून लोखंडाच्या सळ्या भरून निघालेल्या ट्रकचा मालक एक, ट्रान्सपोर्टवाला दुसरा, माल पाठवणारा तिसरा, माल वेळेवर उतरला पाहिजे असा आग्रह धरणारा चौथा. स्टिअरिंगवर ड्रायव्हर, शेजारी क्लीनर. ड्रायव्हर पहाटे चार वाजता डुलकी लागलेल्या डोळ्यांनी गाडी हाकत असेल, तर त्या डुलकीत या सगळ्यांचा वाटा असतो. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवे दैव. आपणच एकटे कर्ते आहोत असे मानणाऱ्याची दृष्टी अपुरी आहे, असे तिथे म्हटले आहे. रस्त्यावरच्या अपघाताला हे विवेचन चपखल लागू पडते. पण कारणे पाच असली म्हणजे जबाबदारीही पाच ठिकाणी विरून जाते, असा निष्कर्ष मात्र गीता काढत नाही. आणि कायद्यालाही तो काढून चालत नाही.

वाहनाच्या मालकाची जबाबदारी हा विषय भारतीय धर्मशास्त्राला नवा नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, २९० ते २९८ या श्लोकांत, गाडीमुळे होणाऱ्या नुकसानीचा छोटा पण बारकाईने केलेला विचार आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक मोडले, कासरा तुटला, गाडी अचानक आडवी किंवा मागे गेली, किंवा हाकणाऱ्याने ‘बाजूला व्हा’ असे ओरडून सांगितले होते, अशा दहा प्रसंगी दंड नाही. बाकीच्या प्रसंगी आहे. त्यातली खरी नोंद घ्यावी अशी गोष्ट पुढे येते. हाकणारा अकुशल असल्यामुळे गाडी भलतीकडे गेली आणि कुणाला इजा झाली, तर दोनशे पणांचा दंड मालकाला. हाकणारा कुशल असेल, तर दंड त्याला. आणि अकुशल माणसाच्या गाडीत जे बसले असतील त्या प्रत्येकाला शंभर. म्हणजे अडाणी हातात गाडी देणे हा मालकाचा स्वतंत्र अपराध ठरतो. तो ड्रायव्हरच्या अपराधाची सावली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, कंटकशोधन या चौथ्या अधिकरणात, याच धर्तीचे नियम आहेत आणि एक पाऊल पुढे जाऊन असेही म्हटले आहे की लहान मुलाच्या हाती दिलेली किंवा हाकणाऱ्याविना सोडलेली गाडी राजाने जप्त करावी.

या नियमांना आजच्या वाचकाने भाबडेपणाने डोक्यावर घेऊ नये. दंड मुख्यतः राजाकडे जातो. मेलेल्याच्या घरात दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटणार, हा विचार या श्लोकांच्या केंद्रस्थानी नाही. तरीही एक भेद तिथे पक्का केलेला दिसतो आणि पुढच्या सगळ्या चर्चेला तो उपयोगी आहे. राजाला द्यायचा दंड वेगळा आणि पापासाठी करायचे प्रायश्चित्त वेगळे. मनुस्मृतीतच दंडाचा विचार आठव्या अध्यायात आणि प्रायश्चित्ताचा अकराव्यात आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात व्यवहार तिसऱ्या खंडात आणि प्रायश्चित्त चौथ्या खंडात मांडले, ते याच परंपरेला धरून. नकळत घडलेल्या कृत्याला प्रायश्चित्त सौम्य, जाणूनबुजून केलेल्याला कठोर, यावर स्मृतिकारांनी बराच खल केला. पण नकळत घडले म्हणून काहीच नको, असे साधारणपणे कुणी म्हटले नाही. या दोहोंत तिसरे ऋण मिळवले, म्हणजे ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई, की चित्र पूर्ण होते. एका अपघातातून तीन देणी निर्माण होतात: पीडिताचे, समाजाचे आणि स्वतःच्या मनाचे. विमा यांतले फक्त पहिले देणे उचलतो.

तिसऱ्या देण्याचा सर्वांत कठोर हिशेब जैन विचाराने मांडला आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राण जाण्याबरोबर प्रमादाची, म्हणजे बेसावधपणाची, अट घातली आहे. आचार्य कुंदकुंदांनी प्रवचनसारात तर असे म्हटले की जीव मरो वा वाचो, जो बेसावध वागतो त्याच्याकडून हिंसा निश्चितच घडते. आणि जो जपून वागतो त्याला केवळ जीव गेल्याने कर्मबंध लागत नाही. हे तत्त्व ट्रकला लावले की अंगावर काटा येतो. ब्रेकचे लायनर घासून संपले आहेत हे माहीत असूनही मालकाने ‘ही एक खेप होऊ दे’ म्हणून गाडी खंबाटकीच्या घाटात पाठवली आणि ती सुखरूप पोचली, तरी हिंसा घडून गेली. कुणी मेले नाही, क्लेम झाला नाही, पंचनामा झाला नाही; तरीही. श्रावकाने टाळावेत असे जे पंधरा व्यवसाय जैन आचारग्रंथांत सांगितले आहेत, त्यांत गाड्या बनवण्या-विकण्याचा आणि भाड्याने माल वाहण्याचा, अशा दोहोंचा समावेश आहे. जनावरांना होणारा त्रास आणि चाकाखाली चिरडणारे जीव हे त्यामागचे कारण. प्रत्यक्षात व्यापारी जैन समाजाला मालवाहतुकीपासून दूर राहणे जमले नाही. उपासकदशांग या आगमग्रंथात आनंद हा श्रावक व्रत घेतो तेव्हा तो गाड्या सोडून देत नाही, त्यांच्या संख्येवर मर्यादा घालतो. धंदा करायचा आणि त्यातल्या हिंसेची जाणीवही ठेवायची, हा मध्यममार्ग आजच्या वाहतूकदारालाही अपरिचित नाही.

याच्या नेमक्या उलट्या बाजूने विचार करणारा प्रसिद्ध दाखला इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांच्या लेखनात आहे, आणि योगायोगाने तोही लॉरी ड्रायव्हरचाच आहे. १९७६ साली ‘नैतिक नशीब’ या विषयावर त्यांनी आणि थॉमस नेगेल यांनी निबंध वाचले. विल्यम्स यांचा ड्रायव्हर काहीही चूक न करता गाडी चालवतो आहे आणि त्याच्या गाडीखाली एक मूल येते. त्याला जे वाटेल ते रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला वाटणाऱ्या हळहळीपेक्षा वेगळे असेल. लोक त्याची समजूत घालतील, घालायलाच हवी. पण तो फार लवकर आणि फार सहज सावरला, तर त्याच्याविषयी थोडी शंकाही वाटेल. कुंदकुंदांच्या मते हा ड्रायव्हर निर्दोष, विल्यम्सच्या मते निर्दोष असूनही गुंतलेला. कायदा या दोघांच्या मधे उभा आहे. अपघात झाल्याशिवाय भरपाई नाही, इथे तो परिणाम पाहतो. फिटनेस, परमिट, लायसन्स आणि वजनाच्या मर्यादेचे नियम मात्र परिणामाची वाट न पाहता बेसावधपणालाच धरतात. म्हणूनच आरटीओच्या ब्रेक तपासणीला जे नैतिक वजन आहे ते पॉलिसीच्या कागदाला नाही, असे म्हणावे लागते. दुर्दैवाने धंद्यात दोन्हींकडे एकाच नजरेने पाहिले जाते. ‘पासिंगपुरता थर्ड पार्टी काढून घे’ हे वाक्य कोणत्याही ट्रान्सपोर्ट नगरात ऐकू येते.

पैशाचे देणे वाटून घ्यायचे आणि मनाचे देणे ज्याचे त्याने फेडायचे, ही विभागणी सर्वांत स्पष्टपणे इस्लामी फिकहमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रात, सापडते. कुराणाच्या चौथ्या सुऱ्यातल्या ९२व्या आयतीत चुकून घडलेल्या मनुष्यवधाचा विचार आहे. मृताच्या वारसांना दियत, म्हणजे भरपाई, द्यायची. त्यांनी माफ केली तर गोष्ट वेगळी. त्याखेरीज कफ्फारा, म्हणजे प्रायश्चित्त: गुलामाची मुक्तता, आणि ते शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे. फकीहांनी यातला फरक असा लावला की दियत एकट्या अपराध्याने भरायची नाही. त्याच्या ‘आकिला’ने, म्हणजे पितृकुळातल्या आप्तांनी किंवा त्याच्या गटाने, हप्त्याहप्त्याने भरायची. कफ्फारा मात्र त्याचा त्यालाच. भावाने ठेवलेल्या रोज्याने तो फिटत नाही. वाल्या कोळ्याच्या आपल्याकडच्या लोककथेत घरची माणसे लुटीत वाटा घेतात आणि पापात घेत नाहीत. तिथे त्यांचा स्वार्थ उघडा पडतो. आकिलाच्या व्यवस्थेत आप्त पापात वाटा घेत नाहीत ते योग्यच मानले आहे, पण भरपाईत त्यांना वाटा घ्यावाच लागतो.

विम्याविषयी मुस्लिम विद्वानांमध्ये जो दीर्घ वाद झाला त्यात आकिलाचा दाखला वारंवार दिला गेला. व्यापारी विम्यावर आक्षेप मुख्यतः तीन: व्यवहारातली अनिश्चितता, जुगाराशी साम्य आणि व्याज. इस्लामी सहकार्य संघटनेच्या जेद्दा येथील फिकह अकादमीने १९८५ साली ठराविक हप्त्याचा व्यापारी विमा निषिद्ध आणि परस्पर साहाय्यावर उभा असलेला सहकारी विमा ग्राह्य ठरवला. तकाफुल, म्हणजे अशा सहकारी विम्याच्या, कंपन्यांची उभारणी याच विचारावर झाली. भारतातल्या मुस्लिम वाहतूकदाराला कायद्याची सक्ती असल्यामुळे थर्ड पार्टीपुरता प्रश्न बराचसा सुटतो, कारण सक्तीची परिस्थिती हा फिकहमध्ये मान्य असलेला अपवाद आहे. पण सक्ती बाजूला ठेवली, तरी एक गोष्ट लक्षात येते. लाखो गाडीमालकांच्या हप्त्यांतून एका अनोळखी घराला भरपाई मिळणे, हे आकिलाच्या मूळ हेतूच्या फार जवळचे आहे. फक्त इथे आप्त म्हणजे रस्ता वापरून पोट भरणारे सगळे.

इंग्लंडमध्ये जबाबदारीचा हा प्रवास काहीसा विचित्र वळणांनी झाला. माणसाच्या मृत्यूला कारण झालेली वस्तू, मग ती गाडी असो, चाक असो वा बैल, ‘देवाला अर्पण’ म्हणून राजाकडे जमा करण्याची तिथे मध्ययुगापासून रीत होती. दोष वस्तूत आहे असे मानायचे आणि तिच्या किमतीइतका पैसा वसूल करायचा. आगगाडी आल्यावर ही रीत कोलमडली. डिसेंबर १८४१ मध्ये सोनिंगजवळ दरड कोसळून झालेल्या रेल्वे अपघातात मजूर मेले तेव्हा ज्यूरीने इंजिन आणि डब्यांवर एक हजार पौंड बसवले. ती रक्कम घरच्यांसाठी नव्हतीच. १८४६ साली संसदेने ही रीत रद्द केली आणि त्याच वर्षी मृताच्या कुटुंबाला भरपाई मागण्याचा हक्क देणारा कायदा केला. भारतात तसाच कायदा १८५५ साली आला. मोटारी आल्यानंतर दिसले की हक्क असून उपयोग नाही, कारण धडक देणाऱ्याकडे पैसे नसतात. ब्रिटनने १९३० साली त्रयस्थ विम्याची सक्ती केली. भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ती तरतूद झाली आणि १९४६ पासून अमलात आली. देवाच्या नावाने राजाकडे जाणारा पैसा अखेर विधवेच्या हातात पोचायला इतकी वर्षे लागली.

सक्ती आली तरी ‘आम्ही का द्यावे?’ हा विमा कंपन्यांचा प्रश्न उरलाच, आणि त्याच्या उत्तरांत भारतीय न्यायालयांनी मालकाच्या नीतीची चांगलीच चिकित्सा केली आहे. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या स्कँडिया विमा कंपनीच्या प्रकरणात ट्रकचा ड्रायव्हर समोरच्या दुकानातून खाण्याचे काहीतरी आणायला उतरला. इंजिन चालू, किल्ली गाडीतच. लायसन्स नसलेल्या क्लीनरने गाडी हलवली आणि अपघात झाला. लायसन्स नसलेला माणूस चालवत होता म्हणून पॉलिसीची अट मोडली, असे कंपनीचे म्हणणे. न्यायालयाने विचारले की मालकाने काय केले होते? त्याने लायसन्सधारक ड्रायव्हर नेमला होता, त्याच्या हातात असलेले सर्व केले होते. अट मालकाने मोडलेली नाही, तेव्हा कंपनीने पैसे द्यावेत. पुढे २००४ च्या एका महत्त्वाच्या निकालाने हा विचार पक्का केला. अटीचा भंग मालकाच्या निष्काळजीपणामुळे झाला हे कंपनीने सिद्ध करायचे, आणि ते सिद्ध झाले तरी योग्य प्रकरणात आधी पीडिताला पैसे द्यायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे. वकिलांच्या बोलण्यात याला ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात. या एका सूत्रात दोन देणी अलग केली आहेत. पीडिताचे देणे थांबत नाही. मालकाचा दोष मात्र त्याच्या दारी परत पाठवला जातो. अकुशल हाती गाडी देणाऱ्या मालकाला स्वतंत्र दोषी मानणारा मनूचा नियम इथे वेगळ्या मार्गाने पुन्हा उभा राहिलेला दिसतो.

आता किमतीचा प्रश्न. माणसाच्या जिवाचे मोल करता येत नाही, असे आपण म्हणतो, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात रोज तेच करावे लागते. २००९ आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी त्याची रीत ठरवून दिली आहे. समजा, बत्तीस वर्षांचा भाजीविक्रेता टेम्पोखाली गेला. महिन्याची कमाई पंधरा हजार. मागे बायको, दोन मुले आणि आई. चाळिशीच्या आतला, स्वतःचा धंदा असलेला माणूस, म्हणून पुढील वाढीपोटी चाळीस टक्के धरले की एकवीस हजार होतात. अवलंबून असलेले चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा, उरले १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. त्याच्या वयाला गुणक सोळा. एकूण ३०,२४,००० रुपये, शिवाय अंत्यविधी, वारसा आणि सहवास हरपल्याची ठरावीक रक्कम. कंपनीतला दीड लाख पगाराचा अधिकारी त्याच वयात, तितकीच माणसे मागे ठेवून, त्याच टेम्पोखाली गेला, तर हा आकडा दहा पटींच्या आसपास जातो.

आपस्तंब धर्मसूत्रात क्षत्रियाच्या वधाबद्दल हजार गायी, वैश्याच्या शंभर आणि शूद्राच्या दहा, असे प्रमाण सांगितले आहे. आज ते वाचताना संताप येतो आणि यायलाच हवा. आधुनिक हिशेबात वर्णाची जागा उत्पन्नाने घेतली, असा आरोप कुणी केला तर तो झटकून टाकता येणार नाही. त्याला एक उत्तर आहे आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे: न्यायाधिकरण जिवाची किंमत करत नाही, मागे राहिलेल्यांच्या आधाराची करते. सूत्रकाराच्या मापात जन्मच मोजला जात होता. इथे थांबलेली मिळकत मोजली जाते. पण मिळकत नसलेल्यांचे काय? घर सांभाळणाऱ्या बाईचे श्रम कुठल्याच पगारपत्रकावर नसतात. गेल्या दोन दशकांत सर्वोच्च न्यायालयाने तिच्या कामाला काल्पनिक उत्पन्न धरण्याचा आग्रह धरला, तो या हिशेबातला अन्याय ओळखूनच. आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १६४ वेगळ्याच तत्त्वावर उभे आहे. चूक कोणाची हे न विचारता मृत्यूला पाच लाख, गंभीर इजेला अडीच लाख, सगळ्यांना सारखेच. रक्कम तोकडी आहे, तत्त्व मोठे आहे. वाहन रस्त्यावर आणणे हेच मुळात धोका निर्माण करणे आहे, तेव्हा दोष सिद्ध होण्याची वाट पाहायला भुकेल्या घराला लावू नये, हा विचार त्यामागे आहे.

या व्यवस्थेची सर्वांत दुखरी जागा महाराष्ट्रात दरवर्षी दिवाळीच्या सुमारास डोळ्यांसमोरून जाते. बीड, अहिल्यानगर, जालना भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीत किंवा ट्रकच्या हौद्यात खाटा, भांडी, पाण्याची पिंपे, शेळ्या, पोरे आणि त्या सगळ्यावर माणसे. ट्रॅक्टरची पॉलिसी पुष्कळदा शेतीकामासाठी म्हणून काढलेली. ट्रॉलीचा हप्ता भरलेला असेलच असे नाही. आणि माणसे वाहून नेण्याची परवानगी तर नसतेच. मोटार वाहन कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीने मालवाहू गाडीतल्या मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला संरक्षण मिळाले. फुकट किंवा भाडे देऊन बसलेल्या इतर प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितले. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल. ज्या जोखमीचा हप्ता भरलेला नाही तिची भरपाई कंपनीने का द्यावी? पण ट्रॉली उलटली की मजुराच्या घरच्यांना मग ट्रॅक्टरवाला, मुकादम आणि कारखाना यांच्यातला नेमका मालक कोण, इथून लढावे लागते. कोयत्याची उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ रक्कम, घेतलेला माणूस ट्रॉलीत बसायला नकार देऊ शकत नाही. अकुशल माणसाच्या गाडीत बसणाऱ्यांनाही दंड करणाऱ्या मनूचे गृहीतक इथे पूर्ण कोसळते: प्रत्येकाला गाडी निवडता येते, हे ते गृहीतक. वापर शेतीचा असे लिहून हंगामभर ऊस आणि माणसे वाहणारा मालक हप्त्याचे काही हजार वाचवतो. त्याने फसवलेले असते ते ट्रॉलीतल्या कुटुंबाला. कंपनीचे त्यात फारसे जात नाही.

विमा असला की माणूस बेफिकीर होतो, हा आक्षेप अर्थशास्त्रज्ञ फार दिवसांपासून घेत आले आहेत. धंद्याच्या गाड्यांत तो पूर्ण खोटा नाही. मात्र तो ड्रायव्हरला कमी आणि मालकाला जास्त लागू आहे. ड्रायव्हरचा स्वतःचा जीव समोरच्या काचेमागे असतो, आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंतची कैद त्यालाच होते. त्या कैदेचा विमा निघत नाही. मालकाचे तसे नाही. जास्त माल भरायला लावणे, दोन ड्रायव्हरांच्या पल्ल्यावर एकच पाठवणे, झिजलेले टायर रिमोल्ड करून पुन्हा चढवणे, या निर्णयांचा पैसा त्याच्याकडे येतो आणि परिणामाचा पैसा कंपनीकडून जातो. खंडेनवमीला गाडी धुऊन, झेंडूचे हार घालून, नारळ फोडून पूजा करणारा मालक ढोंगी असतो असे मुळीच नाही. त्याची श्रद्धा खरी असते. त्या पूजेत यंत्राविषयी कृतज्ञता आहे. ज्या निर्णयांमुळे ते यंत्र दुसऱ्याच्या अंगावर जाते त्यांची झाडाझडती तिच्यात नाही, आणि हप्त्याच्या पावतीतही नाही.

अपघातानंतर ड्रायव्हरने काय करावे, इथे तिन्ही देणी एकाच क्षणी समोर येतात. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ जखमीला जवळच्या दवाखान्यात पोचवण्याचे कर्तव्य त्याच्यावर टाकते. जमावाचा क्षोभ किंवा आवाक्याबाहेरचे कारण असेल तर सवलत देते. ती सवलत कागदी नाही. जमलेली गर्दी ड्रायव्हरला जिवे मारू शकते, हे महामार्गावरचे वास्तव आहे. न्याय संहितेत पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे १०६(२) हे उपकलम आले तेव्हा जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला ट्रकचालकांनी देशभर चाके थांबवली, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवावे लागले. भीती समजण्यासारखी आहे. तरीही गर्दीपासून सुटका झाल्यावर पहिल्या पोलीस चौकीत जाऊन सांगणे, रुग्णवाहिकेला फोन करणे, हे उरतेच. आणि ते न करणाऱ्याचे समर्थन कोणत्याही परंपरेत मिळत नाही.

धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तर मालक नाही, पॉलिसी नाही, दावा कोणावर करायचा हेही नाही. अशा वेळी कलम १६१ खालची योजना मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार देते. १ एप्रिल २०२२ पूर्वी या रकमा पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होत्या. अर्ज तालुक्याच्या पातळीवर चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. पैसा मुख्यतः विमा कंपन्यांच्या वर्गणीतून येतो, म्हणजे शेवटी ज्यांनी प्रामाणिकपणे हप्ता भरला त्या गाडीमालकांकडून. ज्यांनी कुणाला धडक दिलेली नाही असे हजारो लोक मिळून त्या घराचे पहिले देणे अंशतः फेडतात. दुसरे आणि तिसरे त्या न सापडलेल्या गाडीच्या ड्रायव्हरवर आणि त्याला पाठवणाऱ्या मालकावर बाकी राहते.